अधिभारित एंजिनातील तेलव्यय व त्याचे निदान

अंतर्ज्वलन-एंजिनाच्या तेलपात्रात भरलेले वंगणतेल गळून, जळून किंवा हवेच्या मार्गात शिरून कमी होत जाते, त्यास तेलव्यय म्हणतात. काही प्रमाणात तो प्रत्येक एंजिनात अटळ असतो. कारण सिलिंडराच्या भिंतीवर तेलाचा पातळ पापुद्रा नसेल, तर दट्ट्या (पिस्टन) व त्याच्या कड्या (रिंगा) काही मिनिटांतच अडकून बसतील आणि हा पापुद्रा ज्वलनाच्या झोताखाली थोडाथोडा जळणारच. कित्येक यूरोपीय कारखानदार १,००० किमी.ला सु. अर्धा लिटर किंवा त्याहून थोडा अधिक व्ययही मर्यादेत धरतात. याहून अधिक तेल लागू लागले म्हणजे ‘गाडी ऑइल खाते’ असे कारागीर म्हणतात व बहुधा त्याच दमात कड्या बदलण्याचा सल्ला देतात. अधिभारित एंजिनाच्या, म्हणजे ज्यात सुपरचार्जर किंवा अधिभारक हवा दाबाखाली भरतो अशा एंजिनाच्या बाबतीत हा सल्ला अनेकदा चुकतो. त्यात तेल जाण्याच्या वाटा अधिक असतात आणि त्यांतील काहींचा कड्यांशी संबंधच नसतो.

दोष लहान दिसला तरी त्याचे परिणाम लहान नसतात. तेलाची पातळी उतरली असता वळणावर तेलपंप क्षणभर हवा ओढतो आणि भुजादंडाचे (क्रँकशाफ्टचे) धारवे कोरडे पडतात. जळणाऱ्या तेलातील फॉस्फरस निष्कास नळीतील उत्प्रेरकाचा पृष्ठभाग निकामी करतो. तिसरा परिणाम अधिभारित एंजिनाला विशेष घातक असतो. पेट्रोल व हवा यांच्या मिश्रणात तेलाचे बाष्प मिसळले की त्याचा ऑक्टेन अंक उतरतो, दाब आधीच जास्त असल्याने मिश्रण भडकून ठोके बसू लागतात, त्या ठोक्यांनी दट्ट्यावरील कड्यांमधील पट्ट्या तडकतात आणि तेल आणखी वर चढते.

एका थेंबाचा हिशेब : हे तेल किती सूक्ष्म प्रमाणात जाते याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. १,००० किमी.ला १ लि. तेल लागणारी चार सिलिंडरांची गाडी ताशी १०० किमी. वेगाने, दर मिनिटास ३,००० फेरे या गतीने चालते असे धरले, तर हे अंतर कापण्यास १० तास लागतात व तेवढ्यात भुजादंडाचे १८ लक्ष फेरे होतात. चार धावांच्या एंजिनात दर दोन फेऱ्यांस प्रत्येक सिलिंडरात एकदा ज्वलन होते. म्हणजे चार सिलिंडरांत मिळून ३६ लक्ष ज्वलने झाली. १ लि. म्हणजे १० लक्ष घन मिमी. तेव्हा एका ज्वलनामागे सु. ०·२८ घन मिमी. तेल, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही लहान थेंब जातो. हा थेंब ७७ मिमी. व्यासाच्या व ८५·८ मिमी. धावेच्या सिलिंडराच्या भिंतीवर पसरला, तर त्याची जाडी एक मायक्रोमीटराच्या सत्तराव्या भागाहूनही कमी भरेल. ज्या एंजिनाला मालक ‘पार गेलेले’ समजतो, त्यातील बिघाड प्रत्यक्षात एवढ्या मापाचा असतो. म्हणून एंजिन उघडल्यावर दोष डोळ्यांपुढे आपोआप उभा राहील ही अपेक्षा व्यर्थ होय. तो खुणांवरून वाचावा लागतो आणि या खुणा एका फडक्याने पुसल्या जातात.

अधिभारित एंजिनाची रचना : ज्या फुंकणीपासून मोटरगाड्यांतील अधिभारकाचा एक प्रमुख प्रकार निघाला, तिचे एकस्व अमेरिकेतील कॉनर्सव्हिल येथील फिलँडर व फ्रान्सिस रूट्स या बंधूंनी १८६० मध्ये घेतले. मोटरगाडीत अधिभारक बसवून ती नियमित विक्रीस आणण्याचा मान मर्सेडिसला दिला जातो. तिच्या अशा गाड्या १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडल्या गेल्या होत्या. पुढील विवेचनासाठी २००२ ते २००६ या काळातील मिनी कूपर एस या गाडीचे एंजिन उदाहरणादाखल घेतले आहे. ते ब्राझीलमधील काँपू लार्गू येथे क्रायस्लर व बीएमडब्ल्यू यांच्या भागीदारीतील ट्रायटेकच्या कारखान्यात तयार होत असे. त्याचे घनमान १,५९८ घ. सेंमी., सिलिंडरांचा ठोकळा बिडाचा व शीर्ष ॲल्युमिनियमाचे असून प्रत्येक सिलिंडरास चार झडपा आहेत. साध्या कूपर गाडीतील एंजिनाचे संपीडन गुणोत्तर १०·६ असताना अधिभारित प्रकारात ते ८·३ पर्यंत उतरविलेले आहे. त्यावर ईटन कंपनीचा एम ४५ अधिभारक बसविलेला असतो. त्यात पीळ दिलेल्या तीन-तीन पाळ्यांचे दोन घूर्णक परस्परांना न शिवता फिरतात. ते पट्ट्याने चालतात व त्यांची गती भुजादंडाच्या सु. दुप्पट असते.

या रचनेतील दोन गोष्टी निदानाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली, थ्रॉटल झडप अधिभारकाच्या अलीकडे आहे. त्यामुळे एंजिन मंद फिरत असताना किंवा उतारावर पाय उचलला असताना अधिभारक, इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारे साधन) व अंतर्गम नळ्या या सर्वांत निर्वात असतो आणि पाय दाबताच अधिभारकापलीकडील भागात वातावरणाहून अधिक दाब निर्माण होतो. म्हणजे तेच सील एका क्षणी ओढले जाते व दुसऱ्या क्षणी ढकलले जाते. दुसरी गोष्ट, अधिभारकाच्या दंतचक्रांना लागणारे तेल त्याचे स्वतःचे असते. एंजिनाच्या तेलाशी त्याचा संबंध नसतो. पुढच्या टोकाला समकालन दंतचक्रांसाठी व मागच्या टोकाला पाण्याचा पंप चालविणाऱ्या दंतचक्रांसाठी असलेले हे तेल, दोन्ही मिळून, पाव लिटराहूनही कमी असते. ही साधी गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे पुष्कळ अधिभारक विनाकारण बदलले गेले आहेत. इंटरकूलरमध्ये तेल दिसले की अधिभारकाचे सील गेले असा निष्कर्ष काढला जातो. परंतु तेलपात्रातून महिन्याला दोन लिटर तेल नाहीसे होत असेल, तर पाव लिटराचाही साठा नसलेल्या अधिभारकावर त्याचा आळ घालता येत नाही. इंटरकूलरमधील ते तेल दुसरीकडून आलेले असते.

ते बहुधा क्रँककेसच्या श्वसनमार्गातून येते. कड्यांच्या बाजूने खाली झिरपणारे ज्वलनवायू क्रँककेसमध्ये साठू नयेत म्हणून ते एका झडपेमार्गे पुन्हा अंतर्गम हवेत सोडतात. अधिभारित एंजिनात ज्वलनदाब अधिक असल्याने या वायूंचे प्रमाणही अधिक असते. ही नळी कोठे जोडली आहे यावर पुढचे सर्व अवलंबून असते. ती थ्रॉटल झडप व अधिभारक यांच्या दरम्यान जोडलेली असेल आणि झडप उघडी राहून अडकली, तर मंदगतीच्या वेळी निर्वातामुळे तेलाचे तुषार ओढले जातात व अधिभारकातून घुसळून इंटरकूलरात जमतात. ती अधिभारकाच्या पलीकडे जोडलेली असेल, तर झडपेने दाबाखालची हवा अडविणे आवश्यक असते. झडप गळू लागली की ती हवा उलट क्रँककेसमध्ये शिरते व तेलाला सापडेल त्या वाटेने बाहेर रेटते. म्हणून पान्याला हात घालण्यापूर्वी ही नळी कोठून कोठे जाते ते हाताने चाचपून पाहावे. अल्प किंमतीची ही एक झडप न तपासता संपूर्ण एंजिन बांधून काढल्याची आणि मग नव्या कड्यांसह तोच धूर निघाल्याची उदाहरणे विरळ नाहीत.

उघडण्यापूर्वीच्या चाचण्या : प्रथम तेलव्यय खरोखर किती आहे ते ठरविले जाते. एंजिन थंड असताना, सपाट जागी, ठराविक खुणेपर्यंत तेल भरून १,००० किमी. नंतर तेवढेच पुन्हा भरण्यास किती लागले ते मोजतात. बाहेरची गळती याच वेळी शोधून काढावी लागते. धुराची वेळही बोलकी असते. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच निळा धूर निघून थांबला, तर तेल झडपांच्या दांड्यांवरून उतरले असण्याचा संभव असतो. लांब उतारानंतर पाय दाबताच लोट निघाला, तर गाइड (दांडा ज्या नळीतून सरकतो ती) किंवा तिच्यावरील रबरी सील सैल झाले असावे. चढावर सतत धूर येत असेल, तर संशय कड्यांकडे वळतो. या अनुमानांना पुराव्याचे बळ मात्र चाचण्यांनीच येते.

संपीडनदाब कोरडा मोजून, मग सिलिंडरात थोडे तेल सोडून पुन्हा मोजतात. दाब लक्षणीय वाढला, तर कड्या हवा धरत नाहीत असे समजतात. दुसऱ्या चाचणीत दट्ट्या वरच्या टोकाला आणून व भुजादंड फिरणार नाही अशी व्यवस्था करून सिलिंडरात सु. ७ किग्रॅ./चौ. सेंमी. दाबाची हवा सोडतात आणि किती टक्के गळते ते पाहतात. सर्वसाधारणपणे १०% पर्यंतची गळती चांगली, तर २०% च्या पुढची संशयास्पद मानली जाते. तेल भरण्याच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आली तर कड्या, निष्कास नळीत आली तर निष्कास झडप व थ्रॉटलकडे आली तर अंतर्गम झडप दोषी असते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दाब धरण्याचे काम वरच्या दोन कड्यांचे असते. तेल खरवडण्याचे काम तिसऱ्या, म्हणजे तेलकडीचे. तेलकडी काजळीने जखडली असताही दोन्ही चाचण्यांचे आकडे नव्या एंजिनासारखे येऊ शकतात. ‘कॉम्प्रेशन चांगले आहे, म्हणजे कड्या चांगल्या आहेत’ हे विधान म्हणून अर्धसत्य ठरते. शेवटी तेलकांडीच्या नळीला पाण्याचा दाबमापक जोडून क्रँककेसमधील दाब पाहतात. श्वसनमार्ग ठीक असलेल्या एंजिनात मंदगतीला तेथे किंचित निर्वात असतो.

हवेच्या मार्गाची उकल : एंजिन उघडण्यापूर्वी ते वाफेने धुऊन चकचकीत करण्याची पद्धत अन्य दुरुस्त्यांना योग्य असली, तरी येथे बाहेरची धूळ काढण्यापलीकडे काही धुऊ नये. सुटे होणारे प्रत्येक भाग सिलिंडराच्या क्रमांकानुसार मांडून, छायाचित्र घेऊन मगच बाजूला ठेवतात. उदाहरणादाखल घेतलेल्या गाडीत अधिभारक एंजिनाच्या पुढील अंगाला बसविलेला असल्याने गाडीचा दर्शनी भाग पुढे सरकवावा लागतो.

उकल हवा ज्या दिशेने जाते त्या दिशेनेच करणे हितावह असते. गाळणीपासून थ्रॉटलपर्यंतची नळी कोरडी व त्यापुढची ओली असेल, तर तेल कोठे शिरले ते तेथेच ठरते. इंटरकूलर उतरवून तो एका भांड्यावर कलंडवितात व निथळलेले तेल मोजतात. चमचाभर तेल निघाल्यास ते श्वसनमार्गाच्या नेहमीच्या तुषारांचे समजून सोडून द्यावे. पेलाभर निघाल्यास मात्र कारण शोधलेच पाहिजे. अधिभारकाचे तेल काढून त्याचे मोजमाप कारखान्याने सांगितलेल्या मापाशी ताडून पाहतात. ते पूर्ण भरले असेल तर अधिभारक निर्दोष ठरतो. ते कमी, काळे व उग्र वासाचे असेल, तर त्याची सीले व धारवे बदलावे लागतात. पण हा स्वतंत्र दोष म्हणून नोंदवावा. यानंतर शीर्षाच्या चारही अंतर्गम तोंडांकडे पाहावे. चारही तोंडे सारखी ओली असतील, तर तेल वरून, म्हणजे हवेबरोबर आले. एकच तोंड ओले असून तेही झडपेजवळच असेल, तर ते त्या झडपेच्या गाइडमधून उतरले. चार तोंडांच्या या तुलनेइतका खात्रीचा पुरावा पुढे क्वचितच मिळतो.

शीर्ष व झडपा : शीर्षाचे बोल्ट एंजिन पूर्ण थंड असताना, बाहेरून आत, दोन-तीन टप्प्यांत सैल करतात, नाहीतर ॲल्युमिनियमाचे शीर्ष वाकते. ते उचलताच दट्ट्यांचे माथे दिसतात. निरोगी एंजिनात माथ्यावर कोरड्या काजळीचा सारखा थर असतो. कडेने सर्व बाजूंनी काजळी धुतली जाऊन धातूची स्वच्छ कडा दिसत असेल, तर तेल कड्यांच्या बाजूने वर येत आहे. स्वच्छ डाग फक्त अंतर्गम झडपेच्या खाली असेल, तर तेल वरून पडत आहे. पेट्रोल नळीतच फवारले जाणाऱ्या या एंजिनात झडपांच्या पाठी पेट्रोलाने धुतल्या जातात. तरीही तेथे जाड, तेलकट काजळी साचली असेल तर गाइड किंवा सील निश्चितच गळते. निष्कास झडपेच्या दांड्यावर करड्या-पांढऱ्या रंगाचा कठीण थर दिसणे ही त्याच दोषाची दुसरी खूण होय; तो थर तेलातील धातुयुक्त पूरकांच्या राखेचा असतो. दांडा व गाइड यांमधील फट मिमी.च्या काही शतांशांची असते. ती लघुछिद्रमापक व सूक्ष्ममापक यांनी मोजतात. बोटाने दांडा हलवून अंदाज करणे पुरेसे नाही. फट योग्य असून केवळ सील कडक झाले असेल, तर ते बदलण्यास शीर्ष काढण्याचीही गरज नसते. सिलिंडरात दाबाची हवा सोडून झडपा वर धरून ठेवतात व स्प्रिंग उतरवून नवे सील बसवितात.

दट्ट्या, कड्या व सिलिंडर : येथवर पुरावा वरच्या भागाकडे निर्देश करीत असेल तर थांबणे शहाणपणाचे असते, दट्ट्ये उपसल्यावर जुन्या कड्या सहसा पुन्हा वापरता येत नाहीत. उपसावेच लागले, तर सिलिंडराच्या तोंडाशी झिजून राहिलेला कंगोरा आधी काढतात, म्हणजे कड्या त्यात अडकून तुटत नाहीत. दट्ट्या हातात येताच प्रत्येक कडी बोटाने दाबून पाहावी. मोकळी कडी खोबणीत सहज आत-बाहेर होते. जखडलेली जागची हलत नाही. तेलकडी सामान्यतः तीन भागांची असते, दोन पातळ पट्ट्या व त्यांना बाहेर रेटणारी एक लवचिक जाळी. जाळीची टोके जोडताना एकमेकांवर चढली असतील, तर पट्ट्या भिंतीला टेकतच नाहीत आणि नुकत्याच बांधलेल्या एंजिनात भरमसाट तेल जळते. दुसरी कडी उलटी बसली असेल, तर ती तेल खाली खरवडण्याऐवजी वर लोटते. म्हणून तिच्यावरील खूण वरच्या बाजूला असावी लागते. तेलकडीमागील निचऱ्याची भोकेही काजळीने बुजलेली असू शकतात. कड्यांची तोंडे एका रेषेत आल्यामुळे तेल जळते असे पुष्कळ कारागीर सांगतात. बसविताना ती निरनिराळ्या दिशांना ठेवावीत हे खरे. पण चालत्या एंजिनात कड्या फिरत राहतात, त्यामुळे उपसल्यावर तोंडे एका रेषेत दिसणे हा काही पुरावा नव्हे.

कडीच्या तोंडाची फट मोजण्यासाठी ती सिलिंडरात दट्ट्याच्या माथ्याने सरळ ढकलून फीलर गेजची पाती घालतात. साध्या एंजिनात ही फट व्यासाच्या सु. ०·४% व अधिभारितात ०·५% च्या आसपास ठेवण्याची रीत आहे, ७७ मिमी. व्यासाला ती अनुक्रमे सु. ०·३ व ०·४ मिमी. येते. अर्थात कारखान्याने दिलेले माप असेल तर तेच प्रमाण मानावे. अधिभारित एंजिनात वरची कडी अधिक तापते व अधिक प्रसरण पावते, हे या फरकाचे कारण होय. फट कमी ठेवली असल्यास कडीची टोके एकमेकांवर आदळून चकाकतात व शेवटी दट्ट्याची पट्टी उखडते. सिलिंडर झिजला म्हणजे फट झपाट्याने वाढते. व्यास ०·१ मिमी.ने वाढला की परिघ, आणि म्हणून फटही, सु. ०·३१ मिमी.ने वाढते. व्यास वर, मध्ये व खाली अशा तीन उंचीवर आणि प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांत मोजतात. झीज वरची कडी जेथे दिशा बदलते तेथे सर्वांत अधिक असते आणि दट्ट्या ज्या बाजूला रेटला जातो त्या बाजूला छिद्र लांबट होते. भिंतीवर घासणीच्या तिरप्या रेषांची जाळी दिसली पाहिजे. ती जाऊन आरशासारखी झिलई आली असेल, तर भिंत तेल धरत नाही व कड्याही तीवर बसत नाहीत. सरतेशेवटी भुजादंडाचे धारवे पाहतात. ते सैल असतील तर भिंतींवर प्रमाणाबाहेर तेल उडते व निर्दोष तेलकडीलाही ते आवरत नाही.

जोडणी व पुनर्मापन : सिलिंडराची घासणी शीर्षाइतकाच ताण देणारी जाड पोलादी तबकडी वर आवळून करणे इष्ट असते, कारण बोल्ट आवळले की छिद्राचा आकार किंचित बदलतो. श्वसनझडप, तिच्या नळ्या व झडपांची सीले नवीनच घालतात. इंटरकूलर आतून विद्रावकाने धुऊन पूर्ण वाळवितात. नाहीतर त्यात राहिलेले जुने तेल पुढे कित्येक दिवस धूर देते व दुरुस्ती फसली असा भ्रम होतो. अधिभारकात त्याच्यासाठी सांगितलेलेच तेल मोजून भरतात. एंजिनाचे तेल त्यात चालत नाही. नव्या कड्या भिंतीवर बसण्यास अवधी लागतो, म्हणून पहिल्या दीड-दोन हजार किमी.मधील व्यय हिशेबात धरीत नाहीत. त्यानंतर तेल बदलून, पूर्वीच्याच खुणेपर्यंत भरून, १,००० किमी.चे माप पुन्हा घेतात आणि त्याच वेळी इंटरकूलर एकदा उतरवून तो कोरडा आहे की नाही ते पाहतात.